असंच फिरायला

दुपारची भांडी झाली असतील, कुणी गहू निवडत बसली असेल, कुणी शिवणयंत्रावर असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

एरवी मी या रेडिओवर बचत, कर्ज, हप्ता आणि बँकेची कागदपत्रं यांच्याबद्दल बोलते. आज फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहे. देवदर्शन नाही, लग्न नाही, प्रशिक्षण नाही, नुसतं फिरायला. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहे. ती चूक तुमच्याही गटात होऊ शकते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिमगा नुकताच झाला होता. आम्ही पाचजणी खुलताबादहून एक साखरपुडा उरकून निघालो होतो आणि रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो. तेवढ्यात ओळीनं पाच-सहा गाड्या आल्या. जुन्या, बुटक्या, पण रंग कालच दिल्यासारखा. टप उघडं आणि आत माणसं दोनच. स्पोर्ट्स कार म्हणतात तशा, वेगासाठी बांधलेल्या आणि आता हौसेनं जपलेल्या. चहाच्या टपरीवर थांबल्या. पन्नाशीतली माणसं उतरली, एकमेकांना टाळ्या देत हसायला लागली. आमच्या गटातल्या आजी सरळ त्यांच्याजवळ गेल्या आणि विचारलं, “कुठं जायलाव दादा?” त्यातले एक गृहस्थ म्हणाले, “कुठं नाही आजी, असंच. मित्रमित्र मिळून दोन दिवस गाड्या काढतो.”

एसटी आली. अर्ध्या तिकिटात बसलो. बराच वेळ आजी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाई, मी अजून असंच कुठं गेले नाही. दवाखान्यात गेले, मयतीला गेले, पोरीच्या बाळंतपणाला गेले. पंढरपूरला गेले ते बी नवस फेडायला. असंच म्हणून कुठं गेले नाही.”

त्या आठवड्याच्या बैठकीत हाच विषय निघाला. अकराजणींपैकी एकीलाही ‘असंच’ कुठं गेल्याचं आठवेना. मीही आठवून पाहिलं. मी बी.ए. झाले, गटाच्या कामानं पुण्या-मुंबईला जाऊन आले, पण प्रत्येक वेळी हातात फाईल होतीच.

इथं मला आपल्या शहराची एक गोष्ट आठवते. ऑक्टोबर 2010. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. इथल्या व्यापारी, डॉक्टर, उद्योजक मंडळींनी गट केला आणि एकदम 150 मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या. किंमत साधारण 65 कोटी रुपये. देशभर बातमी झाली. गट करून गेले म्हणून त्यांना सवलत मिळाली, कर्जही साधारण सात टक्क्यांनी मिळालं. त्याच काळात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जाला बारा टक्के आणि त्याहून जास्त व्याज पडत होतं, यावरही तेव्हा वर्तमानपत्रात लिहून आलं. आज आपल्या बचत गटांनाही तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळायची सोय आहे, तो विषय पुन्हा कधी. मला सांगायचंय ते वेगळं आहे. त्या दीडशे माणसांना कुणी विचारलं नसेल, की बाबा, गाडी कशासाठी? कुठं काम काढलंय? हौस म्हटलं की पुरुषाचं उत्तर पूर्ण होतं. बाईनं घराबाहेर दोन रात्री काढायच्या म्हटल्या की कारण द्यावं लागतं, आणि ते कारण दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं असावं लागतं.

तर ठरलं. पुढच्या फाल्गुनात दोन दिवस फिरायला जायचं.

पहिला प्रश्न पैशाचा. एकजण म्हणाली, गटाच्या बचतीतून घेऊ. मी नाही म्हटलं. गटाची बचत कर्जासाठी आहे, ती एकीच्या अडचणीला दुसरीचा आधार आहे. ती फिरण्यावर खर्च झाली तर पुढं हिशेबावरून गट फुटायला वेळ लागत नाही. मग वेगळी डबी केली. पत्र्याचीच डबी, बिस्किटाची. दर आठवड्याला बैठकीत बचतीचे पैसे वेगळे आणि डबीत 20 रुपये वेगळे. वही वेगळी, सही वेगळी. पाडव्यानंतर सुरू केलं ते 48 आठवडे चाललं. अकरा सभासद आणि मी धरून बाराजणी, प्रत्येकीचे 960. सगळे मिळून 11,520 रुपये झाले. अंडी विकून कुणी भरले, कुणी ब्लाऊज शिवून.

दुसरा प्रश्न गाडीचा. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, 17 मार्च 2023 पासून. मग एसटीनंच का नाही, असं घरोघरी विचारलं गेलं. पण एसटी तिच्या थांब्यावर थांबते. आम्हाला आमच्या मनाला येईल तिथं थांबायचं होतं.

आमच्या सचिव वहिनींच्या घरी एक जुनी फियाट आहे. प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही सिनेमात पाहिली असेल, तीच ही गाडी. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. तिचं नाव चितोडच्या राणी पद्मिनीवरून ठेवलेलं. बनायची कधीच बंद झाली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. वहिनींच्या सासऱ्यांनी मात्र त्यांची गाडी बैलाला जपावं तशी जपली. त्यांना मोतीबिंदू झाला, दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी स्वतः सुनेला गाडी शिकवली. दवाखान्यात न्यायला कुणी तरी हवं म्हणून. या गाडीचा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगजवळ असतो, हातानं वर-खाली करायचा. सकाळी थंडीत चोक ओढायचा. वहिनी सगळं शिकल्या आणि रीतसर लायसन काढलं.

दुसरी गाडी अक्कांच्या दिरांची जुनी महिंद्रा जीप. अक्का आधी ट्रॅक्टर शिकल्या, मग जीप. त्यांच्याकडेही लायसन आहे. म्हणजे दोन जुन्या गाड्या आणि दोन्हीवर बाया. कुणाही पुरुषाला ‘ड्रायव्हर म्हणून चला’ म्हणायची गरज पडली नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देता-घेता येत नाही. आम्ही भाडं दिलं नाही, तेलाचा खर्च वाटून घेतला. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पुढं पाच वर्षं चालतं. ते झालंय का, विमा चालू आहे का, पीयूसी आहे का, हे आधी पाहिलं. विमा संपलेल्या गाडीत पाय ठेवू नका, गाडी कितीही जवळच्या माणसाची असो.

तिसरा प्रश्न घरच्यांचा. आणि इथं माझी चूक झाली.

बैठकीत एकजण म्हणाली, “ताई, फिरायला जायचं म्हटलं तर आमच्या घरी भूकंप होईल.” दुसरी म्हणाली, “आमच्याकडं विचारायची बी सोय नाही.” मला वाटलं, कशाला वाद. मी म्हटलं, “असं सांगा, चाळीसगावला दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे.” मी ताई, मी समन्वयक. माझ्या नावावर घरची माणसं बायकांना पाठवतात. ते नाव मी वापरलं. चार-पाचजणींनी तसंच सांगितलं. आजींनी मात्र सांगितलं नाही. त्यांनी मुलाला तोंडावर सांगितलं, “मी फिरायला चालले, असंच.” तो दोन दिवस फुगून बसला, मग गप्प झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गटातल्या एकीच्या नवऱ्यानं तालुक्याला ओळखीत फोन केला. कसलं प्रशिक्षण आहे, जेवायची सोय आहे का, असं साधंच विचारायला. तिकडून उत्तर आलं, असं कुठलंच प्रशिक्षण नाही. झालं. तिची पिशवी भरून तयार होती, ती पुन्हा रिकामी झाली.

शनिवारी पहाटे साडेपाचला गाड्या निघाल्या. एकजण मुलीच्या बाळंतपणामुळं येऊ शकली नव्हती, आणि ही दुसरी. आम्ही दहाजणी, पाच-पाच. गावाच्या वळणावर ती उभी दिसली. हातात फडक्यात बांधलेली धपाटी होती, आणि ठेचा. गाडीत दिली आणि म्हणाली, “गरम हायेत. लवकर खा.” दुसरं काहीच बोलली नाही. गाडी पुढं गेली. मी मागं वळून पाहिलं तर ती अजून तिथंच उभी होती.

त्या दिवशी आम्ही आधी वेरूळला गेलो. शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून सकाळीच पोचलो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, आणि अजिंठ्याची सोमवारी, हे लिहून ठेवा. तिकीट आपल्याला 40 रुपये. चौतीस लेणी आहेत, सगळी एका दिवसात बघायच्या भानगडीत पडू नका. आम्ही कैलास लेणं नीट बघितलं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात ते कोरलं. अख्ख्या डोंगराचा एक दगड वरून खाली कोरत आणलाय. आधी कळस, मग पाया. त्याची एक दंतकथा सांगतात. राणीनं नवस केला होता, की देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. इतक्या लवकर कळस कसा दिसणार? तेव्हा पैठणच्या कारागिरानं वरूनच कोरायला घेतलं, म्हणजे कळस पहिला दिसला. आजी म्हणाल्या, “बघा, राणीला बी उपाशी राहूनच मागावं लागलं.”

घृष्णेश्वराच्या दारातही गेलो. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं ते देऊळ. पण आत जाऊन लांब रांग लावायची नाही, असं आजींनीच ठरवलं. “देवाला बाहेरून हात जोडू, आज देवाचं काम काढलेलं नाही,” असं त्या म्हणाल्या.

कन्नडच्या रस्त्याला पळस फुलला होता. पान एक नाही, सगळं झाड लालभडक. अक्कांनी जीप थांबवली. का थांबवली, कुणी विचारलं नाही. आम्ही सगळ्या झाडाखाली बसलो आणि धपाटी सोडली. अजून कोमट होती. मला घास गिळवेना.

संध्याकाळी औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलो. मुक्काम आमच्या एका सभासदाच्या माहेरी होता. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी. खानदेशचं जेवण, त्यात दहाजणींना अंगणात अंथरुणं. झोप कुणालाच येईना. तेव्हा मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते.

जगात मोटारगाडीनं पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला. तिचं नाव बर्था बेंझ. देश जर्मनी, साल 1888. तिचा नवरा कार्ल बेंझ, ज्याच्या नावाची ती मर्सिडीज-बेंझ गाडी. गाडीचा कारखाना उभा राहिला त्यात बर्थाच्या हुंड्याचा पैसा होता, पण पेटंट एकट्या नवऱ्याच्या नावावर. तीन चाकांची ती गाडी, लोक तिला हसायचे, घ्यायला कुणी तयार नव्हतं. ऑगस्ट महिन्यात एके पहाटे, नवरा झोपलेला असताना, बर्थानं दोन मुलांना घेतलं, एक पंधरा वर्षांचा, एक तेरा वर्षांचा, आणि नवऱ्याला तोंडी न सांगता गाडी बाहेर काढली. मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. फोर्झहाइम म्हणजे तिचं माहेर!

वाटेत पेट्रोल पंप कुठले असणार? एका गावात औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव्य घेतलं आणि तेच इंधन म्हणून टाकलं. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या टाचणीनं साफ केली. तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढाला पोरांनी ढकललं. अंधार पडायला माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली, पोचलो म्हणून. परत आल्यावर तिनं सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. तो पुढं बसवला गेला. या प्रवासानंतर लोकांचा गाडीवर विश्वास बसला.

गोष्ट सांगून झाली. अंधारातून कुणी तरी म्हणालं, “म्हणजे तिला बी चोरूनच निघावं लागलं.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

रविवारी सकाळी पाटणादेवीला गेलो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा हा भाग, डोंगर तिन्ही बाजूंनी. थोर गणिती भास्कराचार्य बाराव्या शतकात होऊन गेले. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असा शिलालेख इथं पाटणला आहे. भास्कराचार्यांचं गणिताचं पुस्तक म्हणजे ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची मुलगी, असं सांगतात. पुस्तकातली कितीतरी उदाहरणं एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत, आणि त्यात मुद्दल आणि व्याजाची गणितंही आहेत. आमच्या कोषाध्यक्ष काकू खूश झाल्या. “म्हणजे आपली वही जुनीच हाय की,” असं म्हणाल्या.

दुपारी परतीचा घाट. खरी परीक्षा इथंच झाली. उन्हाचा तडाखा, गाडी जुनी, आत पाचजणी. अर्धा घाट चढला आणि फियाटनं दोन आचके दिले आणि बंद पडली. वहिनी घाबरल्या नाहीत. आधी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आम्हाला खाली उतरवून रस्त्यापासून लांब कठड्याकडं उभं केलं. चाकांमागं दगड लावले. मग बॉनेट उघडलं. सासऱ्यांनी बरोबर पिशवी दिली होती. पाना, टॉर्च, जादा फॅनबेल्ट, पाण्याचा कॅन आणि जुन्या धोतराचं फडकं. वहिनींनी फडकं ओलं करून पेट्रोल पंपाला गुंडाळलं. जुन्या गाड्यांत पंप इंजिनाला लागूनच असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल पुढं जात नाही. त्याला दुरुस्ती नाही, थंड होऊ द्यायचं, बस. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

येणारे-जाणारे थांबत होते. “ड्रायव्हर कुठाय?” वहिनी म्हणायच्या, “मीच.” ते पुन्हा इकडं-तिकडं बघायचे. एकानं तर अक्कांना विचारलं, “मग मालक कुठायत?” अक्का म्हणाल्या, “मालक घरी जनावरांना पाणी पाजायलेत.”

हसून झाल्यावर सगळ्या गप्प बसल्या. खाली चाळीसगावकडचा सगळा मुलूख दिसत होता. मी आजींजवळ बसले होते. मी म्हटलं, “आजी, ती असती तर किती बरं झालं असतं. तिच्या नवऱ्यानं अडवायला नको होतं.”

आजींनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, “त्यानं अडवलं ते खरं. पण तिला मागं ठेवलं ते तू, पोरी. खरं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. भांडून तरी आली असती, नाही तर भांडून तरी राहिली असती. तू तिला खोट्यात पकडून दिलंस. आता तिला भांडायला तोंड हाय का?”

मैत्रिणींनो, मी पंधरा वर्षं गटाचं काम करते. मला कुणी इतकं खरं कधी बोललं नव्हतं. मी बायकांना सांगत असते, सही करताना वाचा, हिशेब उघडा ठेवा, लपवू नका. आणि स्वतः मात्र सोपं पडतं म्हणून खोटं शिकवलं. त्याहून वाईट म्हणजे, खोटं बोलून मीही हेच कबूल केलं, की बाईनं फिरायला जाणं ही लाजेची गोष्ट आहे, लपवायची गोष्ट आहे.

वीस-पंचवीस मिनिटांनी फियाट चालू झाली. निघण्याआधी वहिनींनी चाकांमागचे दगड स्वतः उचलून कडेला टाकले. घाटात दगड तसेच सोडून जाणारे पुष्कळ असतात, आणि अंधारात दुचाकीवाला त्यावर आदळतो.

गावात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मी घरी गेले नाही, आधी तिच्या घरी गेले. तिचा नवरा ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, “दादा, प्रशिक्षण नव्हतं. आम्ही फिरायला गेलो होतो. खोटं सांगा असं मीच सांगितलं होतं, तिची चूक नाही.” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, खरं सांगितलं असतं तर पाठवलं असतं, असं मी म्हणत नाही. पण आता तुमचं खरं कोणतं धरू?”

त्याचं मोल पुढं दोन महिन्यांनी कळलं. तालुक्याला शेळीपालनाचं प्रशिक्षण होतं. खरंखुरं, तीन दिवसांचं. तिच्याकडं चार शेळ्या, तिलाच त्याची सगळ्यांत जास्त गरज होती. तो म्हणाला, “हे बी तसलंच असंल.” ती गेली नाही. पावसाळ्यात तिच्या दोन शेळ्या दगावल्या. प्रशिक्षणाला गेली असती तर वाचल्या असत्या की नाही, कुणास ठाऊक. पण लसीकरण कधी करायचं ते तिथं शिकवलं होतं, हे मला माहीत आहे, आणि ते माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून प्रशिक्षण असलं की मी घरोघरी लेखी पत्र देते, ठिकाण आणि वेळ घालून, आणि खाली माझी सही.

आता हिशेब. तो ऐकल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. जमा 11,520. दोन्ही गाड्यांचं तेल 4,400. निघण्याआधी फियाटचे प्लग, पॉइंट, ऑइल, फॅनबेल्ट मिळून 1,450. वेरूळची तिकिटं 400. ज्या माहेरी राहिलो तिथल्या आईला लुगडं आणि मिठाई, 900. चहा-नाष्टा, वाटेतलं खाणं 1,100. पार्किंग आणि किरकोळ 150. एकूण खर्च 8,400, शिल्लक 3,120. बाळंतपणामुळं न आलेल्या सभासदाला तिचे 960 परत दिले. उरले 2,160. त्यातले 960 तिचे, धपाटीवालीचे. बाकी 1,200 दहाजणींत वाटले, वाट्याला 120 आले.

तिच्या हातात मी 960 ठेवले तर तिनं मोजले आणि पुन्हा डबीत टाकले. म्हणाली, “राहू द्या. हे माझ्या पोरीचं भाडं. माझं मी पुन्हा पहिल्यापासून भरते.” आणि वर्षभर तिनं एक आठवडा चुकवला नाही. शेळ्या गेल्या त्या आठवड्यातही वीस रुपये आले.

तुमच्या गटाला जायचं असेल तर माझ्याकडून एवढं घ्या. डबी वेगळी ठेवा, वही वेगळी ठेवा. न येणाऱ्या बाईचे पैसे कसे परत करायचे ते आधीच ठरावात लिहा. गाडीचे कागद आणि चालवणारीचं लायसन सगळ्यांनी मिळून बघा. घाटात ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरा, न्यूट्रलवर गाडी सोडू नका. उन्हाळा लागला की बाराच्या आत चढ संपवा, आम्ही ती चूक केली. आणि घरी खरं सांगा. दोन महिने आधी सांगा, वाद घालायला वेळ राहील असं सांगा. अडवणारे अडवतील. पण ज्या बाईनं खरं सांगितलंय तिच्या बाजूनं बाकीच्या दहाजणी जाऊन बोलू शकतात. खोटं सांगितलेल्या बाईच्या बाजूनं कुणालाच बोलता येत नाही.

होळी आता पंधरा दिवसांवर आली आहे. यंदा आम्ही लोणारचं सरोवर बघायला जाणार आहोत. गाड्या त्याच. फियाटचा पंप वहिनींच्या सासऱ्यांनी हातानं चाचपडून तपासलाय, फडकं नवीन दिलंय. दिवाळीतच आम्ही सगळ्या मिळून तिच्या घरी गेलो होतो. आजी पुढं होत्या. तिच्या नवऱ्यानं विचारलं, “कशासाठी जायचं?” या वेळी उत्तर मी दिलं नाही, तिनं दिलं. चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, “कशासाठी नाही. असंच.”

तो म्हणाला, “बघू.”

अजून ‘हो’ म्हणालेला नाही. पण मागच्या आठवड्यात त्यानं वहिनींच्या सासऱ्यांना विचारलं म्हणे, की त्या जुन्या गाडीत मागं नक्की किती जण बसतात.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न सगळ्यांना विचारा, “तू असंच कुठं गेली होतीस शेवटचं?” उत्तर काय येतं ते मला कळवा. रामराम.